हरलेल्याचं म्हणणं कोण लिहून ठेवतं?

एक छोटासा व्हिडिओ आहे, जेमतेम काही सेकंदांचा, तो डोक्यातून जातच नाहीये. चित्रं काढायचं एक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता आणि बदलता येतो असं, सॉफ्टवेअर आहे, नाव मुद्दाम सांगत नाही, त्याच्या नव्या रिलीजमध्ये डाव्या बाजूचं ब्रशचं पॅनल कायम दिसायचं बंद झालं आणि कर्सर कडेला नेला की मगच ते सरकून बाहेर यायला लागलं. कल्पना वाईट नव्हती, स्क्रीन मोकळी होते, चित्राला जागा जास्त मिळते. पण एका बाईंनी त्यावर इश्यू टाकला, म्हणजे प्रोजेक्टच्या पानावर तक्रार नोंदवली. माझा हात थरथरतो, कर्सर एका जागी धरून ठेवता येत नाही, मी ब्रशपर्यंत पोचायच्या आत पॅनल निघून जातं, पूर्वीसारखं ठेवायची काही सोय आहे का, एवढंच विचारलं होतं. सोबत स्क्रीनचं रेकॉर्डिंग. कर्सर थरथरत कडेला जातो, पॅनल येतं, कर्सर जरासा बाहेर घसरतो, पॅनल आत. परत तेच. परत तेच. कुणी काही बोलत नाही, नुसता माऊस टेबलावर घासल्याचा आवाज येत राहतो.

उत्तर तासाभरात आलं. हे ठरवून केलेलं आहे, इश्यू बंद करतोय. मग इतर लोक आले, कारण पॅनल बऱ्याच जणांना खुपत होतं, आणि बघता बघता चर्चेचा सूरच बदलला. कुणी म्हणालं डेव्हलपरना युजरची किंमत नाही, कुणी म्हणालं फुकट वापरता आणि वर मागण्या करता, एकाने तर सरळ शिवीगाळ केली. शेवटी मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, चर्चेला कुलूप लावलं, कारण दिलं की वातावरण तापलंय. त्या बाईंनी मधे फक्त एक ओळ लिहिली होती, नुसती एक सेटिंग दिलीत तरी चालेल. तिला उत्तर नव्हतं. त्यानंतर त्या नावाने तिथं कुणी काही लिहिलेलं नाही.

मी त्या प्रोजेक्टची नुसती युजर आहे. दुसऱ्या एका प्रोजेक्टमध्ये मात्र इश्यूंची छाननी करते, म्हणजे आलेला बग खरंच बग आहे का, आधी कुणी नोंदवलाय का, कुठल्या व्हर्जनवर येतो, हे बघून लेबल लावायचं काम. त्यामुळे कुलूप लावणाऱ्या माणसाची बाजूही मला दिसते. त्या आठवड्यात त्याला किती मेसेज आले असतील याचा अंदाज आहे, आणि नाही म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे हे मी कुणाशीही भांडून सांगेन. तरी काहीतरी खुपत राहिलं. बरेच दिवस कळत नव्हतं काय ते. आता वाटतं ते हे, की उद्या कुणी त्या प्रोजेक्टमध्ये नवीन आलं आणि विचारलं की पॅनल का बदललं, तर जागा वाढवायला बदललं हे उत्तर मिळेल. पण त्या बदलात कोण मागे राहिलं, ते कुठेही मिळणार नाही. ते त्या कुलूपबंद चर्चेत शिव्यांच्या खाली गाडलं गेलंय.

मतभेद झाले याचं मला दुःख नाही.

खरं तर मी ओपन सोर्सच्या जगात आले ती एका मतभेदातूनच. कॉलेज संपता संपता एका टेक्स्ट एडिटरमध्ये मोठी फाइल उघडली की तो अडकायचा, मी वैतागून बग टाकला आणि विसरून गेले. रात्री कुठल्यातरी वेगळ्याच टाइमझोनमधल्या माणसाचा प्रश्न, फाइल केवढी आहे, ओळी लांब आहेत का, लांब ओळ आपोआप खाली वळवायचं वर्ड रॅप चालू आहे का बंद. मी म्हटलं प्रॉब्लेम तुमच्या कोडमध्ये आहे, माझ्या फाइलमध्ये कशाला शोधताय. तो शांतपणे म्हणाला, तुमची फाइल माझ्याकडे नाही ना, म्हणून विचारतोय. त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते नंतर कुठल्या कोर्समध्ये शिकायला मिळालं नाही. कोड लिहिणाऱ्याकडे सगळं असतं, फक्त वापरणाऱ्याचा दिवस नसतो. कुणाच्या फायली केवढ्या, कुणाचा हात कसा, कुणाचं मशीन किती जुनं, हे त्याला तिथं बसून दिसूच शकत नाही. ते फक्त वापरणाराच घेऊन येतो, आणि बहुतेक वेळा तक्रारीच्या रूपातच घेऊन येतो, कारण सुरळीत चाललंय तोवर कुणी लिहायला येत नाही.

लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ च्या ऑगस्टमध्ये मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टम वापरणाऱ्यांच्या न्यूजग्रुपवर, आपण नवी ऑपरेटिंग सिस्टम, म्हणजे पुढचं लिनक्स, लिहितोय हे सांगणारा जो मेसेज टाकला तो आता सगळ्यांना माहितीये, पण तो परत वाचताना मला दरवेळी एकाच गोष्टीचं नवल वाटतं, की तो मुळात प्रश्न होता. मिनिक्समध्ये काय आवडतं, काय आवडत नाही, काय हवंय, असं तो विचारत होता, आणि सोबत हेही सांगत होता की सूचना जरूर करा, पण सगळ्या अमलात आणीनच असं वचन देत नाही. मला वाटतं युजर आणि मेंटेनर यांच्यातला सगळा व्यवहार तिथंच ठरला. विचारणार, ऐकणार, आणि तरीही ठरवणार मी. पुढची सगळी भांडणं यातला एखादा भाग गळाला की होतात. कधी विचारणंच बंद होतं, कधी ऐकलं म्हणजे करायलाच हवं असा समज होतो.

ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण तर मी कुणालाही सांगते. ते बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा २००२ मध्ये युजरांनीच वर्गणी काढली, सात आठवड्यांत १,००,००० युरो जमले आणि त्या पैशांत सोर्स कोड मोकळा करून घेतला. म्हणजे वापरणारे आधी आले, ओपन सोर्स नंतर झालं. तिथले डेव्हलपर पुढे चित्रकार, ॲनिमेटर लोकांसोबत एका खोलीत बसून आख्ख्या शॉर्टफिल्म बनवायला लागले, काम करताना जिथं अडेल तिथं तिथल्या तिथं कोड बदलायचा. आणि अशा जवळिकीतसुद्धा वाद काही टळले नाहीत. ब्लेंडरमध्ये वर्षानुवर्षं वस्तू निवडायला राइट क्लिक लागायचं, नवीन माणूस पहिल्याच मिनिटाला हैराण, आणि जुना माणूस म्हणायचा की हेच बरोबर आहे, हातात बसलंय. २०१९ मध्ये २.८० हे व्हर्जन आलं तेव्हा लेफ्ट क्लिक डिफॉल्ट केलं, पण पहिल्यांदा उघडलं की समोरच विचारतं, निवड कुठल्या बटणाने करणार. राइट क्लिकवाले हरले, पण त्यांना घरातून काढलं नाही. तो एक छोटासा चौकोन बघताना मला मनापासून बरं वाटतं, त्याच्या मागे किती वर्षांची बाचाबाची आहे ते माहीत असल्यामुळे जास्तच.

अर्थात प्रत्येक भांडणावर सेटिंग हा उपाय नाही, हेही छाननी करताना कळतं. प्रत्येक सेटिंग म्हणजे तपासायच्या दोन वाटा, दहा सेटिंग्ज झाल्या की कुठल्या जोडीत काय मोडतं ते कुणालाच सांगता येत नाही. कधीकधी नाहीच म्हणावं लागतं. गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरने २०१२ मध्ये २.८ हे व्हर्जन काढलं तेव्हा सेव्ह म्हटलं की फक्त त्यांच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह होणार, जेपेग किंवा पीएनजी हवं तर एक्स्पोर्ट करा, असं केलं. लोक भडकले. मीसुद्धा. मला एक फोटो उघडून कडा कापायच्या असायच्या आणि परत ठेवून द्यायचा, त्यात दरवेळी हे मधे यायचं. पण त्यांनी कारण दिलं होतं, की जेपेगमध्ये लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक रचलेले थर, टिकत नाहीत, माणसाला वाटतं काम सेव्ह झालं आणि दुसऱ्या दिवशी उघडल्यावर लेयर गेलेले असतात. आणि माझ्यासारख्यांसाठी उघडलेल्याच फाइलवर परत लिहायचा वेगळा पर्याय मेनूत ठेवला. मला निर्णय आजही पूर्ण पटलेला नाही. पण त्या नकारात मी कुठेतरी होते. माझं काम कसं चालतं हे त्यांना कळलं होतं, वजन दुसऱ्या बाजूला जास्त पडलं एवढंच. असा नकार पचतो.

लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एक नियम आहे, युजरचे प्रोग्राम मोडायचे नाहीत. कर्नलमधल्या बदलामुळे कुणाचा चालता प्रोग्राम बंद पडला तर चूक कर्नलची, प्रोग्राम कितीही गचाळ लिहिलेला असो. वापरणाऱ्याच्या बाजूने याहून ठाम उभा राहिलेला नियम मला माहीत नाही, आणि तो माझा अत्यंत आवडता आहे. पण २०१२ च्या डिसेंबरमध्ये लिनसने हा नियम ज्या मेलमध्ये सांगितला तो वाचवत नाही. समोरचा अनेक वर्षं काम करणारा मेंटेनर, आणि त्याला सगळ्यांसमोर तोंड बंद कर म्हणून सुनावलेलं. युजरच्या बाजूने उभं राहायला दुसऱ्या एका माणसाला तुडवायची काय गरज होती? नियम तेवढाच खरा राहिला असता. पुढे २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लिनसने स्वतः जाहीर माफी मागून सुट्टी घेतली, कर्नलने नवीन कोड ऑफ कंडक्ट, म्हणजे वागणुकीचे नियम, स्वीकारला, त्यावरही कोण गदारोळ झाला, आणि ऑक्टोबरमध्ये लिनस परत आला. काही जण म्हणत होते की आता सगळे मऊ बोलणार आणि कोडचा दर्जा घसरणार. कर्नल चालूच आहे.

दुसऱ्या बाजूचं सांगायचं राहिलं तर अन्याय होईल, आणि दुसरी बाजू म्हटलं की मला एक्सझेड आठवतं. फाइल दाबून छोटी करायची लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते, आणि सांभाळणारा वर्षानुवर्षं एकच माणूस, बिनपगारी. २०२२ मध्ये काही लोकांनी त्याच्यामागे लकडा लावला. लोकांनी पाठवलेले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, कधी घेणार, प्रोजेक्ट मेलाय का, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने उत्तर दिलं की मानसिक आरोग्याच्या जुन्या त्रासामुळे वेळ देता येत नाहीये, आणि हे मी हौस म्हणून, पैसे न घेता करतोय. तरी लकडा थांबला नाही. त्याच काळात जिया टॅन नावाचं एक खातं नियमित, नेटकी मदत करत होतं, हळूहळू त्याला अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या दोन रिलीजमधून बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, आत आलं. एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाचा, पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेव्हलपर खणत गेला, म्हणून २९ मार्चला ते उघडकीला आलं. लकडा लावणारी ती खातीसुद्धा बनावट होती असाच आता बहुतेकांचा समज आहे.

मला यातली बॅकडोअरची करामत तितकी हादरवत नाही, जितकं हे हादरवतं, की ते मेसेज वेगळे वाटतच नाहीत. तुम्ही ते वाचा. तुसडे, घाईतले, थोडे हक्काचे. असे मेसेज मी रोज बघते, खऱ्या माणसांचे. आपल्या बोलण्याच्या पद्धतीत आणि एखाद्याला मुद्दाम थकवून किल्ल्या काढून घ्यायच्या पद्धतीत फरकच दिसत नसेल, तर ती पद्धत आपण बदलायला हवी, मेंटेनरने कातडी जाड करायची वाट बघत बसू नये. म्हणूनच कुलूप लावणाऱ्या माणसावर मला राग धरता येत नाही.

मग करायचं काय, तर मला सगळ्यात पटलेली गोष्ट पायथन या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांकडे आहे. तिथं भाषेत मोठा बदल करायचा तर पीईपी नावाचा कागद लिहावा लागतो, आणि त्यात बहुतेक वेळा एक भाग असतो, नाकारलेल्या कल्पना. काय सुचवलं गेलं, का घेतलं नाही. मी कितीतरी पीईपींमध्ये आधी तोच भाग वाचते. पाच वर्षांनी कुणी तोच मुद्दा घेऊन आलं तर त्याला हाकलायची गरज पडत नाही, तिथं बोट दाखवता येतं, आणि ज्याचा मुद्दा होता त्याला दिसतं की आपलं म्हणणं, आपण म्हटलं होतं तसंच, नीट मांडलेलं आहे. यातला तसंच हा शब्द महत्त्वाचा. विरोधकाचा मुद्दा बावळट करून लिहिला तर न लिहिलेला बरा.

पण नुसत्या कागदानेही भागत नाही. पीईपी ५७२, कोलन आणि बरोबरचं चिन्ह जोडून एक्स्प्रेशनच्या आतच व्हेरिएबलला किंमत द्यायची सोय, त्यात नाकारलेल्या पर्यायांचा मोठा भाग आहे, सगळं काही लिहिलेलं आहे. तरी २०१८ च्या जुलैमध्ये तो मंजूर करून झाल्यावर पायथन बनवणाऱ्या गिडो व्हॅन रॉसमने पद सोडलं. जवळजवळ तीस वर्षं त्याचा शब्द अखेरचा होता. एका प्रस्तावासाठी इतकं झगडायचं आणि मग इतक्या लोकांना आपला निर्णय सहन होत नाही हे बघायचं, हे परत नको, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. आपल्या जागी कुणाला नेमलंही नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला. त्यांनी ठरवलं, पाच जणांची निवडून आलेली समिती, २०१९ पासून चालू आहे. इतकं सगळं एका चिन्हावरून. मी आता ते चिन्ह सर्रास वापरते, हात आपोआप जातो, आणि तरी कधीकधी वाटतं की त्याची किंमत फार मोठी मोजली गेली.

मतदान घ्या आणि मोकळे व्हा, असं म्हणणाऱ्यांनी डेबियनचा, म्हणजे लिनक्सवर उभ्या असलेल्या एका ऑपरेटिंग सिस्टमचा, इतिहास वाचावा. त्यांच्या १९९७ च्या सोशल कॉन्ट्रॅक्टमध्येच आहे की आमचं प्राधान्य युजर आणि फ्री सॉफ्टवेअर यांना. सिस्टमडी, म्हणजे मशीन सुरू होताना बाकीचे प्रोग्राम चालू करणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं का या वादात दोन्ही बाजू हेच सांगत होत्या, की आम्ही युजरसाठीच भांडतोय. २०१४ च्या फेब्रुवारीत तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार झाले आणि अध्यक्षांच्या जादा मताने सिस्टमडी आलं. वाद मिटला का? नोव्हेंबरमध्ये सगळ्या डेव्हलपरांचं मतदान झालं, त्यात जिंकलेला पर्याय असा होता, की या विषयावर ठराव करायचीच गरज नाही. आणि तरी त्याच सुमाराला काही जुनीजाणती माणसं पदं सोडून गेली, आणि सिस्टमडीशिवायचा फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन मांडलेली वेगळी चूल, म्हणून देवुआन सुरू झालं. मत मोजून कोण जास्त आहेत ते कळतं, का ते कळत नाही. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये म्हणून मतं मोजतच नाहीत, हुंकार देतात, अक्षरशः, ओठ मिटून हूं. २०१४ च्या आरएफसी ७२८२ या त्यांच्या कागदात हे सगळं नीट समजावलंय, आणि त्यात एक मुद्दा मला पाठ झालाय, की प्रत्येक आक्षेपाची दखल घेतलीच पाहिजे, पण प्रत्येक आक्षेपाप्रमाणे बदल केलाच पाहिजे असं नाही. पाच जणांचा आक्षेप खरा असेल तर शंभर जणांची हो ला हो पुरेशी नाही, आणि पाच जणांचं काम खरंच पक्कं असेल तर शंभर जणांचा नुसता नकारही पुरेसा नाही.

फोर्कबद्दल मला पूर्वी फार वाईट वाटायचं, घर फुटल्यासारखं. आता तितकं वाटत नाही. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कारभाराला वैतागून २०१४ च्या डिसेंबरमध्ये लोक आयओ डॉट जेएस घेऊन बाहेर पडले, आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये नोड ४ च्या रूपाने परत एकत्र आले, कारभाराची पद्धत मात्र फोर्कवाल्यांची घेऊन. जीसीसी या कंपायलरचंही, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही, तेच, ईजीसीएस १९९७ मध्ये वेगळं झालं आणि १९९९ मध्ये तेच अधिकृत जीसीसी ठरलं. निघून जायची सोय आहे म्हणून थांबून बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन येतं. फक्त ही सोय कुणाला आहे ते बघा. कोड लिहिता येणाऱ्याला. जिच्या हातात कर्सर ठरत नाही ती चित्रकार कुठला फोर्क काढणार? तिच्याकडे एक व्हिडिओ आणि एक विनंती, यापलीकडे काही नव्हतं. म्हणून मला वाटतं, की जे फोर्क काढू शकत नाहीत त्यांचं म्हणणं लिहून ठेवायची जबाबदारी जास्त आहे, आणि ती थकलेल्या मेंटेनरवर टाकून चालणार नाही. ते आमच्यासारख्यांचं काम आहे, छाननीवाल्यांचं, डॉक्युमेंटेशनवाल्यांचं, उत्तरं देणाऱ्यांचं. शंभर कमेंटची चर्चा शांतपणे वाचायची, शिव्या बाजूला काढायच्या, आणि वर लिहायचं, इथं तीन वेगळ्या अडचणी आहेत, त्यातल्या दोन सवयीच्या आहेत आणि एक अशी आहे की त्या माणसाला सॉफ्टवेअर वापरताच येत नाहीये. मेंटेनरला शंभर कमेंट वाचायला लागणार नाहीत, पाच ओळी वाचाव्या लागतील, आणि त्यानंतर तो नाही म्हणाला तरी ते कशाला नाही आहे हे त्याला माहीत असेल. हे काम कमिटच्या, म्हणजे कुणी कोडमध्ये किती भर घातली त्याच्या, आलेखात कुठे दिसत नाही. तासन् तास जातात. मला ते कोड लिहिण्याइतकंच अवघड वाटतं, आणि करताना मन बरंच कडू होतं, कारण शिव्या बाजूला काढायच्या तर आधी त्या वाचाव्या लागतात.

आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही आता प्रत्येक मोठ्या बदलाच्या पानावर आक्षेपांसाठी वेगळी जागा ठेवतो, आणि नियम एवढाच की आक्षेप ज्याचा आहे त्याला दाखवून, त्याने हो हेच म्हणायचं होतं असं म्हटल्यावरच तो तिथं लिहायचा. याने भांडणं कमी झाली असं नाही, थोडी लांबलीच आहेत, आणि एक मेंटेनर अजूनही म्हणतो की हा कागदी खटाटोप आहे. त्याचंही म्हणणं त्या पानावर लिहिलेलं आहे, त्याच्याच शब्दांत. सध्या ऑटोसेव्हवरून जुंपली आहे. एकाला ते कायमचं बंद करायची सोय हवीये, मला अजिबात पटत नाही, मी विरोधातच लिहिणार आहे. पण नेमकं कुठल्या कामात त्याला ते नडतं, ते त्याने अजून सांगितलेलं नाही, म्हणून काल फक्त तेवढंच विचारून ठेवलंय, आणि उत्तर येईपर्यंत इश्यू उघडा आहे.